ट्रेक संपतो सामान वाळल्यावर

दिवाळीच्या सुट्टीतल्या शिबिरांचा शेवट बहुतेक गटांत एकाच तऱ्हेने होतो. रात्री उशिरा बस लागते. आईबाबा स्कूटर घेऊन ताटकळलेले असतात, मुलं झोपेला आलेली असतात. टेंट कसेबसे पिशव्यांत कोंबलेले, कॅरीमॅट सुतळीने बांधलेल्या, टोपांच्या बुडाला काजळी तशीच. सगळं सामान खोलीत ढकललं जातं आणि कुलूप लागतं. ते उघडतं थेट डिसेंबरच्या ट्रेकच्या आदल्या संध्याकाळी. डोंगरावर फाटणारे टेंट तसे थोडे. जास्त टेंट या मधल्या पाच-सहा आठवड्यांत, कोणी हातही लावत नसताना वाया जातात.

गिरिभ्रमण मंडळ असो, कॉलेजचा हायकिंग क्लब असो, स्काउट-गाइडचं पथक असो की चाळीतल्या पोरांनी वर्गणी काढून उभा केलेला गट असो, सामायिक सामानाचं आयुष्य ते परत आल्यानंतरच्या दोन दिवसांत ठरतं. म्हणून माझं पहिलं सांगणं: सामान जमा करण्याचा दिवस कार्यक्रमातच धरा. 'शनिवार-रविवार राजमाची' असं पत्रक न काढता 'शनिवार-रविवार राजमाची, मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता सामान जमा' असं काढा. जो मुलगा मंगळवारी येऊ शकत नाही त्याने आपल्या ऐवजी कोण येणार ते निघण्यापूर्वी सांगायचं. पालकांनाही हे सुरुवातीलाच कळू द्या. नाहीतर गॅलरीत टेंट वाळत घातलेला पाहून घरात वादावादी होते आणि टेंट ओलाच परत येतो.

हिवाळ्यात पाऊस नसतो, मग टेंट ओला कशाने होणार, असं मुलं विचारतात. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी पहाटे उठलात तर आउटरच्या आतल्या बाजूने हात फिरवून बघा, तळवा ओला होईल. बाहेरून दव पडतं आणि आत झोपलेल्या तिघांच्या श्वासातल्या वाफेचं गार कापडावर पाणी होतं. सकाळी घाईने टेंट गुंडाळला की ती सगळी ओल पिशवीत बंद होते. आपल्याकडचे परवडणारे बहुतेक टेंट पॉलिस्टरचे असतात आणि पाणी अडवण्यासाठी त्यांच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा थर दिलेला असतो. ओल आणि ऊब एकत्र आली की हा थर हळूहळू विरघळू लागतो. आधी कापड चिकट लागतं, मग आंबूस वास सुटतो आणि शेवटी उन्हात सोललेल्या कातडीसारखे पापुद्रे निघतात. तिथवर गेलेला टेंट परत आणता येत नाही. बुरशीचे काळे ठिपके त्या मानाने बरे. ते दिसायला वाईट असतात, पण वेळीच आवरले तर टेंट वाचतो.

शहरातल्या मुलांकडे अंगण नसतं, पण टेंट वाळवायला अंगण लागत नाही. इनर आणि आउटर वेगळे करा. एक गॅलरीत, दुसरा जिन्याच्या कठड्यावर किंवा घरातच दोन दारांच्या मध्ये दोरी बांधून. गच्ची असेल तर सकाळचे दोन-तीन तास पुरेत. दिवसभर कडक उन्हात ठेवू नका. उन्हातले अतिनील किरण नायलॉन आणि पॉलिस्टर दोन्ही कमकुवत करतात, आणि ते नुकसान वर्ष-दोन वर्षांनी, एखाद्या वादळी रात्री, टर्रकन फाटल्यावरच दिसतं. सावली आणि वारा ही सगळ्यांत चांगली जोडी.

वाळला असं म्हणण्याआधी काही जागा मुद्दाम तपासा. मधलं कापड तासाभरात वाळतं. ओल राहते ती खालच्या दुमडलेल्या कडेत, खुंटीचे पट्टे शिवलेले असतात त्या चारही कोपऱ्यांत, झिपवरच्या झाकणपट्टीच्या आत आणि टेंटच्या स्वतःच्या पिशवीत. या पिशवीचा सर्वांना विसर पडतो. कोरडा टेंट ओल्या पिशवीत गेला तर वाळवण्याचे सगळे कष्ट फुकट. हाताला ओल कळत नसेल तर कापड गालाला लावा. गार लागलं तर अजून तासभर टांगा. मुलांना ही परीक्षा एकदा दाखवली की ती पुढे स्वतःच करतात.

चिखल असेल तर ओला असताना घासू नका. वाळू द्या, झटका, मग मऊ ब्रश फिरवा. राहिलेला डाग स्पंज, कोमट पाणी आणि सौम्य साबणाने पुसा. टेंट वॉशिंग मशीनमध्ये कधीही घालायचा नाही. मशीनच्या पिळवटण्याने थर सुटतो आणि शिवणींवरची पट्टी उखडते. कोकणातल्या किनाऱ्यावर मुक्काम झाला असेल तर झिपांकडे जास्त लक्ष द्या. वाळूचे कण रनरच्या आत बसून धातू झिजवतात. जुन्या टूथब्रशने दोन्ही बाजूंचे दात साफ करा, गोड्या पाण्याने पुसून घ्या. झिप लावल्यावर मागून उघडत असेल तर बहुतेक वेळा दात शाबूत असतात आणि रनर सैलावलेला असतो. पक्कडीने त्याच्या दोन्ही कडा अगदी हलक्या दाबून बघा. नाही जमलं तर बॅगा दुरुस्त करणारा नवा रनर थोडक्या पैशांत बसवून देतो. एका झिपसाठी टेंट बाद करू नका.

पोल घालताना ढकलायचे, काढतानाही ढकलायचे. ओढले की सांधे सुटतात आणि आतल्या इलॅस्टिकवर ताण येतो. घडी मधल्या सांध्यापासून सुरू करा म्हणजे ताण दोन्हीकडे सारखा बसतो. फायबरग्लासचा पोल चिरला असेल तर त्यावर बोट फिरवू नका. त्याची कुसळं कातडीत शिरतात आणि दिसतही नाहीत. मापाची धातूची छोटी नळी आणि चिकटपट्टी प्रत्येक टेंटच्या पिशवीत असावी. मोडलेल्या जागी नळी सरकवून दोन्ही टोकं पट्टीने बांधली की रात्र निभावते.

आता माणसांकडे येतो, कारण टेंटपेक्षा ती बाजू अवघड आहे. सगळ्यांचं सामान म्हणजे कोणाचंच नाही, हे प्रत्येक गटाला पहिल्या दोन वर्षांत कळतं. त्यावरचा उपाय जुना आहे. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउनसी बेटावर पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं तेव्हा मुलांच्या चार छोट्या तुकड्या केल्या होत्या, आणि छोट्या तुकडीने आपलं आपण बघायचं ही रीत स्काउटिंगमध्ये तेव्हापासून टिकली. सामानालाही हीच रीत लावा. सहा-आठ जणांची एक तुकडी आणि तिच्याकडे एक संच: दोन-तीन टेंट, ताडपत्री, टोप-झाकण्या, पाण्याचा कॅन. हा संच वर्षभर त्याच तुकडीचा. दर ट्रेकला सामान नव्याने वाटलं तर गेल्या वेळी ओला टेंट कोणी ठेवला हे कधीच कळत नाही. संच ठरलेला असला की आपलाच टेंट आपल्यालाच पुन्हा उघडायचा आहे हे मुलांना माहीत असतं, आणि हाताळणी आपोआप बदलते.

या सगळ्यांवर एक सामानप्रमुख असावा आणि त्याच्याबरोबर त्याच्याहून एक-दोन वर्षांनी लहान असा उपप्रमुख. कॉलेजच्या गटांत तर हे फारच गरजेचं. तिसऱ्या वर्षाची मुलं एप्रिल-मेमध्ये निघून जातात आणि कोणता टेंट कुठे गळतो, कोणत्या पेटीची किल्ली कोणाकडे, ही सगळी माहिती त्यांच्याबरोबर जाते. उपप्रमुखाने वर्षभर बरोबर राहून काम पाहिलेलं असलं की जूनमध्ये गट पोरका होत नाही.

मोठ्यांनी इथे हात आवरावा असं माझं ठाम मत आहे. अनेक गटांत मुलं घरी जातात आणि दोन-तीन काका-ताया मध्यरात्रीपर्यंत भांडी घासत, टेंट झटकत बसतात. त्यांचं प्रेम मला समजतं, पण त्यामुळे मुलांना ट्रेक अर्धाच मिळतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला टेंटची शिवण तपासता येते, रनर साफ करता येतो, नोंद लिहिता येते. हे काम तिच्या हातून काढून घेऊ नका. मोठ्यांनी शेवटी एकदा फिरून पाहावं आणि दोर मात्र स्वतः तपासावेत.

नुकसानभरपाईबद्दल एक विनंती. मोडलं-फाटलं म्हणून मुलांना दंड लावू नका. दंड लावणाऱ्या गटात सामान कमी मोडत नाही, मोडलेलं लपवलं जातं. आणि लपवलेला तुटका पोल पुढच्या गटाच्या हाती हरिश्चंद्रगडावर संध्याकाळी सहा वाजता लागतो, कोकणकड्यावरून वारा वर येत असताना. जे मोडलं ते त्याच दिवशी सांगणाऱ्याला शाबासकी द्या, आणि दुरुस्ती करायला त्यालाच बरोबर बसवा.

हे सांगणं सोपं व्हावं म्हणून दोन साधी साधनं पुरतात. पहिलं, खोलीत खिळ्याला टांगलेली नोंदवही आणि तिला दोरीने बांधलेलं पेन. यादी मोबाइलवर ठेवायची तर जरूर ठेवा, पण सामान हातात असताना समोर वही असली तरच नोंद होते. कोणी नेलं, कधी नेलं, कधी आणलं आणि आणताना काय दिसलं, एवढं पुरे. 'टेंट खराब' या शब्दांचा कोणाला उपयोग नाही. 'टेंट ३, दाराची डावी झिप खालून वीतभर अडकते' असं लिहा. दुसरं साधन म्हणजे लाल चिंधी. ज्या वस्तूत काही दोष आहे तिला लाल चिंधी बांधायची, आणि चिंधी असलेली वस्तू कोणत्याही कारणाने ट्रेकला जाणार नाही. दुरुस्ती झाल्यावर चिंधी फक्त सामानप्रमुखाने सोडायची. घाईच्या सकाळी वही कोणी वाचत नाही, पण चिंधी सर्वांना दिसते.

आकडे घालताना टेंटच्या पिशवीवर '३' लिहून थांबू नका. इनर, आउटर, पोलची पिशवी, खुंट्यांची पिशवी, सगळ्यांवर तोच आकडा. एकसारख्या दिसणाऱ्या चार टेंटांची सरमिसळ झाली की एका टेंटला दोन इनर आणि दुसऱ्याला एकही नाही अशी गत होते. खुंट्यांच्या पिशवीवर त्यांची संख्याही लिहा आणि माची सोडण्यापूर्वी तिथेच मोजा. गवतात राहिलेली खुंटी घरी येऊन सापडत नाही, आणि एखाद्या गुराच्या पायात घुसू शकते.

सामानाच्या खोलीची निवड सहसा आपल्या हातात नसते. शाळा जिन्याखालची जागा देते, सोसायटी गच्चीवरची पत्र्याची खोली देते. दोन्हींत धोका आहे. जिन्याखाली ओल असते, पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी पेटते. मिळेल त्या खोलीत तीन गोष्टी सांभाळा. सामान जमिनीला आणि भिंतीला टेकू देऊ नका. लोखंडी मांडणी नसेल तर विटांवर फळ्या टाका. खाण्याचा कण आत राहू देऊ नका. उरलेला शिधा त्याच रात्री वाटून टाका. शेंगदाण्याचे चार दाणे सॅकच्या कप्प्यात राहिले तर उंदीर कप्पा उघडत बसत नाही, सॅकच कुरतडतो. तिसरी गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. अनेक शाळांत आणि सोसायट्यांत इन्व्हर्टरची बॅटरी अशाच अडगळीच्या खोलीत ठेवलेली असते. त्या बॅटरीत गंधकाम्ल असतं, आणि त्याचा शिंतोडाच काय, वाफसुद्धा नायलॉनचे धागे खाते. दोर, स्लिंग, हार्नेस अशा खोलीत ठेवायचेच नाहीत. आम्लाने कमकुवत झालेला दोर वरून अगदी नव्यासारखा दिसू शकतो.

दोराबद्दल सविस्तर सांगायला हवं. टेंट गळला तर मुलं भिजतात, सकाळी ऊन पडतं आणि गोष्ट विसरली जाते. दोराच्या बाबतीत अशी सवलत नसते. म्हणून आधी स्वतःला विचारा, आपल्या गटाला चढाईचा दोर हवाच आहे का? वर्षातून एकदा रॅपलिंगचा कार्यक्रम घ्यायचा असेल तर दोर विकत घेऊच नका. प्रशिक्षित माणसं आणि नोंदी ठेवलेलं सामान असलेल्या गिर्यारोहण संस्थेला बोलवा. ताडपत्री बांधायला लागणारी दोरी वेगळी, तिचा रंगही वेगळा ठेवा, म्हणजे चुकूनसुद्धा तिच्यावर कोणी वजन टाकणार नाही.

दोर ठेवायचाच असेल तर प्रत्येक दोराची स्वतंत्र पानावर जन्मापासून नोंद हवी: उत्पादनाचं वर्ष, विकत घेतल्याची तारीख, लांबी, डायनॅमिक की स्टॅटिक, आणि प्रत्येक वापर. दोर बनवणाऱ्या कंपन्या वापराप्रमाणे आयुष्याचा अंदाज देतात. महिन्यातून एकदा वापरात असलेला दोर साधारण पाच वर्षं, दर आठवड्याला वापरला तर जेमतेम वर्षभर, आणि एकदाही न वापरता ठेवलेला असला तरी दहा वर्षांनी बाद. हा झाला जास्तीत जास्त काळ. कोणाच्या पडण्याचा मोठा झटका झेलला, धारदार कडेवर घासला, रसायन सांडलं, तर तो पहिल्या दिवशीही बाद होतो.

तपासणी अशी करा. सतरंजी किंवा ताडपत्री अंथरा. दोर मातीवर टाकायचा नाही आणि त्यावर पाय द्यायचा नाही, कारण पायाखाली दाबलेले खडे आवरणातून आत शिरतात आणि गाभ्याचे धागे आतून कापत राहतात. दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने दोर सोडत जायचा, दुसऱ्याने तो अंगठा आणि दोन बोटांमधून, हातमोजे न घालता, सावकाश ओढून घ्यायचा. बोटांना जाडी एकसारखी लागली पाहिजे. मध्येच मऊ पडलेला भाग, पोकळ वाटणारी जागा, कडक गाठ किंवा चपटा झालेला तुकडा लागला तर थांबा. दर हातभर अंतरावर दोराला बाक द्या. चांगला दोर गोल वळतो. जिथे तो टोकदार दुमडतो तिथे आतला गाभा गेलेला असतो. डोळ्यांनी बघायचं ते असं: आवरण थोडं फुललेलं असेल तर चालतं, पण त्यातून गाभ्याचे पांढरे धागे डोकावत असतील तर नाही. चकाकणारा, ताठर झालेला भाग म्हणजे घर्षणाने वितळलेलं नायलॉन. रंग उडालेला पट्टा म्हणजे ऊन किंवा रसायन. एवढ्यातलं काहीही दिसलं आणि मनात शंका आली तर चर्चा करत बसू नका. दोर बाद.

दोराचं एक टोक खराब झालं म्हणून ते कापलं तर नवी लांबी लगेच टोकाच्या पट्टीवर आणि वहीत लिहा. मधली खूणही आता मध्यावर राहिलेली नसते, ती बदलायला हवी. ५० मीटर लिहिलेला दोर प्रत्यक्षात ४४ मीटर भरला की खाली उतरणारा माणूस दोराच्या टोकावरून निसटू शकतो. टोकाला गाठ मारण्याची सवय कायम असावी ती यासाठीच. खूण करायला साधा मार्कर वापरू नका, त्याच्या शाईतली द्रावकं धाग्यांना घातक ठरू शकतात. दोरासाठी बनवलेली शाई घ्या, नाहीतर टोकांवर चिकटपट्टी लावून तिच्यावर लिहा. दोर मळला तर साध्या, ३० अंशांपर्यंतच्या पाण्यात सौम्य साबणाने धुवून सावलीत वाळवा.

कोणी प्रेमाने जुना दोर भेट दिला तर आभार मानून तो कपडे वाळत घालायला घ्या. ज्या दोराचा इतिहास आपल्याला माहीत नाही त्यावर मूल लटकवायचं नाही. हार्नेस आणि स्लिंगनाही हाच नियम, शिवणींकडे जास्त बारकाईने बघायचं. कॅराबिनरचं दार हात सोडताच आपोआप आणि पूर्ण मिटलं पाहिजे. दोराने घासून आत खाच पडली असेल, चीर दिसत असेल, तर तो बाजूला काढा.

स्वयंपाकाच्या सामानाला एवढी चिंता लागत नाही. चुलीवर टोप चढवण्यापूर्वी त्याच्या बुडाला बाहेरून ओल्या मातीचा किंवा राखेचा पातळ लेप द्या. काजळी लेपावर बसते आणि नंतर पाण्याने निघून जाते. गावाकडची ही रीत शहरातल्या मुलांना माहीत नसते, दाखवली की फार आवडते. लोखंडी तवा, कढई, विळी, सुऱ्या यांना कोरडं करून तेलाचा हात फिरवा. पाण्याचे कॅन झाकण उघडं ठेवून उलटे वाळवा. पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवा, सांडशी आणि पळीसकट, कारण ट्रेकवर नेमकी सांडशी राहते.

गॅसकडे मात्र लक्ष हवं. पाच किलोचा छोटा सिलिंडर वापरत असाल तर रबरी नळीवरची तारीख बघा. आयएसआय खुणेची नळीच घ्या आणि ती दर पाच वर्षांनी, चिरा दिसल्या तर त्याआधीच बदला. प्रत्येक शिबिरापूर्वी साबणाचं पाणी लावून जोड तपासा, बुडबुडे आले म्हणजे गळती. काडी पेटवून कधीही तपासायचं नाही. कॅम्पिंगच्या छोट्या गॅस डब्यांत किती गॅस उरला आहे हे हलवून कळत नाही, म्हणून काट्यावर वजन करून डब्यावर लिहून ठेवा. टेंटमध्ये स्टोव्ह पेटवायचा नाही, कितीही थंडी असली तरी. आगीचा धोका आहेच, शिवाय कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि कर्जत-कसाऱ्याला लोकलने जाणाऱ्या किंवा हिमालयात रेल्वेने जाणाऱ्या गटांनी ध्यानात ठेवावं: भरलेला सिलिंडर, रॉकेल, पेट्रोल डब्यात नेणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इंधन मुक्कामाच्या गावी घ्यायचं.

स्लीपिंग बॅग छोट्या पिशवीत दाबून ठेवली की आतले तंतू चपटे होतात, आणि मग त्यात हवा अडत नाही, ऊब राहत नाही. ती पिशवी फक्त प्रवासापुरती. घरी बॅगा टांगून किंवा मोठ्या सुती पोत्यात सैल ठेवा. सामायिक बॅगांच्या स्वच्छतेवर सर्वांत सोपा इलाज म्हणजे अस्तर. जुन्या सुती साडीचं माणसाच्या उंचीएवढं पोतं शिवा, प्रत्येकाने स्वतःचं आणायचं आणि घरी नेऊन धुवायचं. मग बॅग हंगामातून एकदा धुतली तरी पुरते. डांबराच्या गोळ्या आत टाकू नका. तो वास जात नाही आणि बंद टेंटमध्ये मुलांची डोकी दुखतात. हेडटॉर्चमधले सेल परत आल्याबरोबर काढा. प्रथमोपचाराची पेटी सामानप्रमुखाकडे न देता प्रथमोपचार शिकलेल्या माणसाकडे द्या, औषधांच्या तारखा त्यानेच बघाव्यात.

वर्षातून दोनदा मोठी आवराआवर लागते आणि आपल्या हवामानाने तिच्या वेळा ठरवून दिल्या आहेत. पहिली मेच्या अखेरीस. जूनपासून कोकणात आणि घाटमाथ्यावर हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर असते. तेव्हा वाळवू म्हटलं तरी काही वाळत नाही. त्याआधी पूर्ण कोरड्या स्लीपिंग बॅगा झाकणाच्या मोठ्या ड्रममध्ये सैल भरा आणि पावसाळी ट्रेकना लागणारं सामान वेगळं काढा. पावसात एखादा उघडीपीचा दिवस मिळाला की खोलीची दारं-खिडक्या उघडून पंखा लावा. दुसरी वेळ ऑक्टोबरची. पाऊस ओसरतो, ऊन तापतं, आणि अख्खी खोली बाहेर काढून वारा द्यायला यासारखा महिना नाही. खंडेनवमीला अनेक गिर्यारोहण मंडळी दोर-कॅराबिनरची पूजा मांडतात. ही प्रथा मला मनापासून आवडते. तिला जोड एवढीच द्या की तपासून, नोंद करून 'चालेल' ठरलेली वस्तूच पाटावर यावी.

पैशांचं गणित आधी मांडलं तर पुढे वर्गणीसाठी पळापळ होत नाही. समजा टेंट ६,००० रुपयांचा आहे आणि नीट वापरल्यास साठ रात्री चालेल असं धरलं, तर एका रात्रीची झीज शंभर रुपये. तिघं झोपले तर माणशी चौतीस. ही रक्कम ट्रेकच्या शुल्कात 'सामान निधी' म्हणून वेगळी दाखवा आणि वेगळीच ठेवा. ती वडापावात जाऊ देऊ नका. नवीन घेताना वेगवेगळ्या सवलतींत मिळालेले चार तऱ्हांचे टेंट घेण्यापेक्षा एकाच बनावटीचे चार घ्या. एकाचा पोल दुसऱ्याला लागतो, आणि एक टेंट लावायला शिकलेलं मूल चारही लावू शकतं.

सामान उसनं देण्याचा नियमही ठरवून ठेवा, नाहीतर प्रत्येक वेळी मैत्री पणाला लागते. टेंट आणि भांडी ओळखीच्या गटाला अनामत घेऊन, देताना-घेताना दोघांनी मिळून तपासून द्यावीत. स्लीपिंग बॅग देऊ नये. दोर कोणालाही, कधीही देऊ नये.

जे बाद झालं ते त्याच दिवशी वापरातून काढा. बाद दोर अख्खा ठेवलात तर दोन वर्षांनी नवा कोणीतरी तो वापरायला काढेल. म्हणून त्याचे दोन-दोन मीटरचे तुकडे करा, टोकांना लाल पट्टी गुंडाळा आणि लहान मुलांना गाठी शिकवायला द्या. चिकट न झालेल्या फाटक्या आउटरमधून टेंटखाली घालायची जमिनीची चादर निघते, उरलेल्या कापडाची ठिगळं आणि खुंट्यांच्या पिशव्या होतात. शाबूत पोल सुटे भाग म्हणून ठेवा. नोंदवहीत त्या नगापुढे तारीख, कारण आणि सही घालून आडवी रेघ मारा, आणि तो आकडा पुन्हा कोणाला देऊ नका. टेंट ३ गेला तर नवा टेंट ९ होऊ दे, म्हणजे जुन्याच्या झिपेची तक्रार नव्याच्या नावावर लागणार नाही.